हद्दीची रेघ आणि रिकामे वर्ग : शिकागोच्या प्राथमिक शाळांचा एक इतिहास

अमेरिकेतील सरकारी प्राथमिक शाळांत मुलाचा प्रवेश बहुतांश ठिकाणी त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरतो. शहराचे शिक्षण मंडळ नकाशावर प्रत्येक शाळेभोवती एक हद्द आखते. त्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला त्या शाळेत हक्काने जागा मिळते आणि रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या मुलाला, त्याचे घर त्या शाळेला कितीही जवळ असले तरी, दुसऱ्या शाळेची वाट धरावी लागते. वस्ती वाढली आणि शाळेत मुले मावेनाशी झाली की मंडळापुढे मोजकेच मार्ग उरतात : नवी इमारत बांधणे, एका वर्गात अधिक मुले बसवणे, शाळा दोन पाळ्यांत भरवणे, आवारात तात्पुरत्या खोल्या उभ्या करणे, किंवा शेजारच्या शाळेत जागा असल्यास दोन शाळांमधली हद्द सरकवणे. यांपैकी शेवटच्या मार्गाला पैसा सर्वांत कमी आणि वेळही सर्वांत कमी लागतो. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागो शहराने पहिले चारही मार्ग वापरले, त्यांवर अफाट खर्च केला आणि पाचव्या मार्गाला शक्य तितके दिवस हात लावला नाही. असे का घडले, हे पाहू गेल्यास शाळांच्या गर्दीचा प्रश्न तेथे मुळात जागेच्या टंचाईचा नव्हताच, असे दिसून येते.

इलिनॉय राज्यात वंशभेदावर आधारलेल्या शाळांना कायद्याचा आधार फार काळ नव्हता. १८६३ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी शाळा सक्तीची करण्यात आली. परंतु पालकांच्या विरोधामुळे ती तरतूद दोनच वर्षांत रद्द झाली आणि १८७४ च्या राज्य कायद्याने वर्णावरून मुलाला शाळेत प्रवेश नाकारण्यास मनाई केली. दक्षिणेकडील राज्यांत ज्यासाठी उघड कायदा होता, ते काम उत्तरेकडील शहरांत इतर साधनांनी करावे लागले आणि त्या साधनांत शाळेची हद्द हे फार सोयीचे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतील शेतमजूर कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत येऊ लागली. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९१० मध्ये सुमारे ४४ हजार होती. ती १९३० पर्यंत २ लाख ३४ हजार, १९५० मध्ये ४ लाख ९२ हजार आणि १९६० मध्ये ८ लाख १२ हजारांवर गेली. एवढ्या लोकांना शहरात हवे तेथे घर घेण्याची मुभा मात्र नव्हती. मालमत्तेच्या दस्तऐवजातच ती कृष्णवर्णीयास विकू अथवा भाड्याने देऊ नये असे बंधन घातलेले असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा करारांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असा निर्णय दिल्यानंतरही घरविक्रीचे दलाल, कर्ज देणाऱ्या संस्था आणि प्रसंगी दगडफेक करणारा जमाव यांनी तेच बंधन पुढे चालवले. परिणामी शहराच्या दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यात माणसे दाटीवाटीने राहू लागली आणि तेथील शाळांत मुलांची रीघ लागली.

या पट्ट्याच्या कडेला शाळांच्या हद्दी कशा आखल्या जात, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. नियम म्हणून सांगायचे तर हद्द लोहमार्ग, मोठा रस्ता किंवा नदी यांवरून जावी, म्हणजे लहान मुलांना धोक्याची वाट ओलांडावी लागत नाही. आणि हा नियम रास्तच होता. अडचण अशी की नेमके तेच लोहमार्ग आणि तेच रस्ते वस्त्यांमधली वर्णाची सीमाही असत, त्यामुळे मुलांच्या सुरक्षिततेसाठी आखलेली रेघ आपोआप दुसरेही काम करी. जेथे अशी नैसर्गिक सीमा नव्हती, तेथे काही भाग ‘तटस्थ’ ठरवला जाई, म्हणजे त्या भागातील मुलाने दोन शेजारच्या शाळांपैकी कोणतीही निवडावी अशी सवलत असे. संक्रमणाच्या वस्तीत उरलेल्या गोऱ्या कुटुंबांना तिचा लाभ घेऊन मुलांना अधिक गोऱ्या शाळेत पाठवता येई. त्याखेरीज बदलीचे परवाने होतेच. पट्ट्याच्या आतील शाळांना मात्र असा कोणताही झरोका नव्हता. तेथे दोन पाळ्या सुरू झाल्या : काही मुले सकाळी येत आणि दुपारी घरी जात, उरलेली त्यांच्याच बाकांवर दुपारी बसत. दोन सत्रांत भरणारी शाळा मुंबईकर वाचकाला नवी नाही. परंतु शिकागोत गोऱ्या वस्तीतील मूल पूर्ण दिवस शिकत असताना शेजारच्या वस्तीतील मुलाच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस यावा, यातला अन्याय पालकांना सहज कळत होता आणि १९३० च्या दशकापासून ते त्याविरुद्ध अर्ज, सभा आणि मोर्चे करीत आले होते.

१९५३ मध्ये बेंजामिन विलिस शिकागोचे शाळाधिकारी झाले. शाळाधिकारी म्हणजे मंडळाने नेमलेला, संपूर्ण शाळाव्यवस्था चालवणारा प्रशासक. विलिस यांच्या कर्तबगारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही : त्यांच्या कारकिर्दीत शेकडो नव्या शाळा आणि वाढीव इमारती उभ्या राहिल्या, वर्गातील मुलांची सरासरी संख्या खाली आली, शिक्षकांचे पगार वाढले आणि दोन पाळ्यांची पद्धत संपत आली. ‘बांधकाम करणारा बडा बेन’ ही त्यांची ख्याती याच कामातून झाली. त्यांची शिक्षणविषयक भूमिकाही सुसंगत होती. मुलाने आपल्या परिसरातील शाळेतच शिकावे, पायी जावे, पायी यावे आणि शाळा त्या परिसराचे केंद्र व्हावी, हे तत्त्व ते निष्ठेने मांडीत; मंडळ मुलांच्या वर्णाची नोंदच ठेवत नाही, त्यामुळे भेदभावाचा प्रश्न येत नाही, असाही त्यांचा युक्तिवाद असे. या तत्त्वाची मर्यादा अशी की शहराच्या नकाशावर ‘परिसर’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे निसर्गाने ठरवलेले नसते. ते मंडळच ठरवते. शिवाय विलिस यांच्या नव्या इमारती बहुतेक पट्ट्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, कडेला नव्हेत. त्यामुळे शाळा वाढल्या तरी वर्णभेदाची रेघ जागची हलली नाही. शहराच्या गृहनिर्माण विभागाचे धोरणही याच दिशेने चालले होते. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी वसाहतीत प्रत्येकी सोळा मजल्यांच्या २८ इमारती एकाच रांगेत उभ्या केल्या गेल्या आणि भरभराटीच्या काळात तेथे राहणाऱ्या सुमारे २७ हजार लोकांपैकी २० हजार मुले होती. एवढी मुले एकाच चिंचोळ्या पट्टीत एकवटवल्यावर आसपासच्या शाळा तुडुंब भरणे अटळ होते.

१९५७ च्या पाहणीवर आधारलेला, शिकागोच्या शाळांतील प्रत्यक्ष विभाजनाविषयीचा एक लेख १९५८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या ‘द क्रायसिस’ या मासिकात प्रसिद्ध झाला आणि विखुरलेल्या तक्रारींना प्रथमच एक आकार आला. सप्टेंबर १९६१ मध्ये संघटनेच्या शिकागो शाखेने पालकांना सोबत घेऊन गर्दीच्या शाळांतील मुलांची नावे जागा शिल्लक असलेल्या गोऱ्या शाळांत नोंदवण्याचा प्रयत्न केला. प्रवेश अर्थातच नाकारले गेले आणि त्या नकारांच्या आधारे ‘वेब विरुद्ध शिक्षण मंडळ’ हा दावा दाखल झाला. पालकांचे वकील पॉल झुबर हे नुकतेच न्यूयॉर्क राज्यातील न्यू रोशेल येथील खटला जिंकून आले होते. तेथे न्यायाधीश अर्व्हिंग कॉफमन यांनी जानेवारी १९६१ मध्ये असे नमूद केले होते की मंडळाने लिंकन प्राथमिक शाळेची हद्द ती कृष्णवर्णीयांची शाळा व्हावी अशाच रीतीने आखली होती आणि हद्दीतील गोऱ्या मुलांना १९४९ पर्यंत बाहेर जाऊ दिले होते. वेगळ्या शाळांचा कायदा नसलेल्या उत्तरेतही शाळेच्या हद्दीची रेघ संविधानाचा भंग करू शकते, हे या निकालाने स्पष्ट झाले.

झुबर शिकागोत पोहोचले त्यानंतरच्या हिवाळ्यात हद्दीचा प्रश्न एका शाळेच्या व्हरांड्यात येऊन ठेपला. दक्षिण भागातील बर्नसाइड प्राथमिक शाळा भरून वाहत होती. मंडळाने तेथील काही मुलांना हद्द बदलून गिलेस्पी या दुसऱ्या शाळेत पाठवण्याचे ठरवले. गिलेस्पी कृष्णवर्णीयांचीच शाळा होती, आणि जवळच्या गोऱ्या वस्तीतील शाळेत जागा असताना मुलांना तिकडे का पाठवत नाहीत, असा पालकांचा सवाल होता. जानेवारी १९६२ मध्ये हे पालक, बहुतांशी आया, बर्नसाइडच्या इमारतीत ठाण मांडून बसले आणि पोलिसांनी पकडून नेईपर्यंत हलले नाहीत. या प्रसंगाचे महत्त्व असे की हद्द सरकवणे प्रशासनाला अशक्य आहे, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. हद्द सरकली होती, तीही शाळेचे वर्ष अर्ध्यावर असताना; फक्त ती कोणत्या दिशेने सरकावी हे आधी ठरलेले होते. आपल्या मुलाला कोणत्या दिशेच्या शाळेत धाडले जाते याकडे बारीक लक्ष ठेवणाऱ्या या आयांनी शिक्षणशास्त्रज्ञांच्या आधी प्रश्नाचे मर्म पकडले होते, असे म्हटले पाहिजे.

त्याच सुमारास मंडळाने हलत्या वर्गांची खरेदी सुरू केली. सुमारे २० फूट रुंद आणि ३६ फूट लांब अशा या ॲल्युमिनियमच्या खोल्या ट्रकला जोडून आणल्या जात, शाळेच्या खेळाच्या मैदानावर किंवा मोकळ्या भूखंडावर ठेवल्या जात आणि त्यांत एकेक वर्ग भरे. कागदावर हा तोडगा निर्दोष होता, कारण वस्ती सरकली की खोलीही दुसरीकडे नेता येई. प्रत्यक्षात बहुसंख्य खोल्या कृष्णवर्णीयांच्या शाळांच्या आवारातच उतरल्या. लोकांनी त्यांना ‘विलिस वॅगन’ असे नाव दिले आणि ते चिकटले. नवी इमारत निदान वस्तीला काही देऊन जाते. वॅगनने मुलांचे मैदान घेतले आणि त्या बदल्यात दिली ती फक्त शेजारच्या शाळेत न जाण्याची सोय.

शेजारच्या शाळांत खरोखर जागा होती काय, यावर मंडळ आणि नागरिक यांच्यात मोठा वाद झाला. शिकागो अर्बन लीग या संस्थेने गोऱ्या वस्त्यांतील शाळांत शेकडो खोल्या रिकाम्या असल्याचे म्हटले. मंडळाने ते फेटाळले. तेव्हा वुडलॉन या वस्तीतील नागरिक संघटनेच्या आयांनी ‘सत्यशोधक’ तुकड्या करून गोऱ्या शाळांना प्रत्यक्ष भेटी दिल्या, रिकाम्या वर्गांची छायाचित्रे काढली आणि त्यापायी अनधिकृत प्रवेशाच्या आरोपाखाली अटकही पत्करली. त्याच वर्षी, १९६२ मध्ये, केंद्रीय नागरी हक्क आयोगासाठी जॉन कून्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी तयार केलेल्या अहवालात तपासलेल्या शाळांचे आकडे आले : गोऱ्या शाळांत एका खोलीमागे सरासरी सुमारे ३१ मुले होती, तर कृष्णवर्णीय शाळांत सुमारे ४७, एका मुलामागे होणारा खर्चही पहिल्या गटात लक्षणीय अधिक होता. मंडळाने बदलीची एक योजना आणली खरी, परंतु ती खोलीमागे ४० हून अधिक मुले असलेल्या शाळेतून ३० हून कमी असलेल्या शाळेत जाण्यापुरती होती, जाण्यायेण्याची सोय पालकांनी करायची होती आणि तिचा लाभ फारच थोड्यांना घेता आला.

१९६३ च्या उन्हाळ्यात इंग्लवुड भागात, ७३ वा रस्ता आणि लो ॲव्हेन्यू यांच्याजवळ, लोहमार्ग आणि गल्ली यांच्यामधल्या एका भूखंडावर वॅगनची शाळा उभी राहू लागली. पालक आणि विद्यार्थी चळवळीतील तरुण बांधकामाच्या यंत्रांपुढे आडवे झाले. विनोदी कलावंत डिक ग्रेगरी यांच्याप्रमाणेच शिकागो विद्यापीठात शिकणारे बर्नी सँडर्स यांनाही त्या ऑगस्टमध्ये अटक झाली; पुढे सिनेटर झालेल्या सँडर्स यांना २५ डॉलर दंड झाला. महिनाअखेरीस वेब दाव्यात तडजोड होऊन तज्ज्ञांची समिती नेमण्याचे मंडळाने मान्य केले. पण हुशार मुलांना वस्तीबाहेरच्या माध्यमिक शाळांत बदली देण्याची अगदी किरकोळ योजना अमलात आणतानाही विलिस यांनी गोऱ्या पालकांच्या दबावाखाली काही शाळांची नावे वगळली आणि न्यायालयाने दटावल्यावर ऑक्टोबरच्या प्रारंभी राजीनामा दिला. मंडळाने तो स्वीकारला नाही. या घटनेने संतापाची परिसीमा झाली आणि २२ ऑक्टोबर १९६३ रोजी सुमारे सव्वादोन लाख मुले, म्हणजे शहराच्या सरकारी शाळांतील जवळजवळ निम्मी, शाळेत गेली नाहीत. अनेक चर्चमध्ये त्या दिवशी ‘स्वातंत्र्य शाळा’ भरल्या आणि मुलांनी तेथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे धडे घेतले. बहिष्काराची हाक देणाऱ्या संघटनांच्या समन्वय समितीचे नेतृत्व पुढे अल रॅबी या शाळाशिक्षकाकडे आले.

त्याच वर्षी राज्य विधिमंडळाने शिकागोचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी चार्ल्स आर्मस्ट्राँग यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. शाळांच्या हद्दी वेळोवेळी तपासाव्यात आणि त्या बदलताना वर्णावरून होणारे विभाजन टाळण्याचा विचार करावा, असे बंधन त्याने मंडळांवर घातले. या कायद्याची खरी परीक्षा शिकागोत नव्हे, तर उत्तरेकडील वॉकीगन या लहान शहरात झाली. तेथील व्हिटियर प्राथमिक शाळेत कृष्णवर्णीय मुलांचे मोठे बहुमत होते आणि भोवतालच्या शाळा बहुतांशी गोऱ्या होत्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आधी कायदा अवैध ठरवला, परंतु फेरसुनावणीनंतर १९६८ मध्ये तो वैध मानला. हद्द आखताना वर्णाचा विचार करणे हाच भेदभाव होय, हा मंडळाचा आक्षेप न्यायालयाने अखेर स्वीकारला नाही.

शिकागोच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष समाजशास्त्रज्ञ फिलिप हाउझर होते. मार्च १९६४ अखेरच्या त्यांच्या अहवालाने दाखवून दिले की कृष्णवर्णीय मुलांपैकी ८४ टक्के मुले किमान ९० टक्के कृष्णवर्णीय असलेल्या शाळांत शिकत होती. समितीने हद्दी पुसून टाकाव्यात असे सुचवले नाही. लगतच्या दोन-तीन शाळांच्या हद्दी एकत्र करून एक मोठे क्षेत्र करावे आणि त्यातील कोणत्याही शाळेत मुलाला जाता यावे, असा तिचा मध्यम मार्ग होता. न्यू जर्सीतील प्रिन्स्टनने १९४८ पासून याहून पुढचे पाऊल टाकले होते : तेथे दोन शाळांचे क्षेत्र एक करून एकीत खालचे वर्ग आणि दुसरीत वरचे वर्ग भरवले जात, म्हणजे परिसरातील प्रत्येक मूल दोन्ही इमारतींतून जाई. ही ‘प्रिन्स्टन योजना’ लहान गावात चालली. शिकागोच्या मंडळाने हाउझर अहवाल तत्त्वतः स्वीकारला आणि हद्दी जवळपास तशाच ठेवल्या.

यानंतर प्रश्न वॉशिंग्टनला गेला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार भेदभाव करणाऱ्या संस्थेचे केंद्रीय अनुदान थांबवता येत होते. जुलै १९६५ मध्ये समन्वय समितीने तशी तक्रार केली आणि १ ऑक्टोबरला केंद्रीय शिक्षण आयुक्त फ्रान्सिस केपेल यांनी शिकागोचे सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर रोखून धरले. महापौर रिचर्ड डेली यांनी लगेच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची भेट घेतली, आणि आठवड्याच्या आत पैसे मोकळे झाले. बदल्यात मंडळाने शाळांच्या हद्दींचा फेरविचार करण्याचे आश्वासन दिले. केपेल यांना लवकरच ते पद सोडावे लागले. उत्तरेकडील मोठ्या शहरांतील विभाजनाला हात घालण्याचे धैर्य केंद्राने त्यानंतर बराच काळ दाखवले नाही, आणि त्या एका आठवड्याची किंमत शिकागोबाहेरच्या मुलांनीही मोजली. विलिस १९६६ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या जेम्स रेडमंड यांनी १९६८ मध्ये गर्दीच्या शाळांतील काही मुले बसने शहराच्या वायव्येकडील शाळांत नेण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या मोजक्या मुलांनाही कडवा विरोध झाला.

हद्द आणि हलता वर्ग यांची सांगड भेदभावाचा पुरावा ठरू शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आले ते डेन्व्हरच्या खटल्यात. तेथील पार्क हिल भागात १९६० मध्ये बांधलेली बॅरेट प्राथमिक शाळा, तिची हद्द आणि आसपासच्या शाळांत ठेवलेल्या हलत्या खोल्या यांचा न्यायालयाने एकत्रित विचार केला आणि १९७३ मध्ये प्रथमच, विभाजनाचा कायदा नसलेल्या एका शहराला त्याच्या शाळांतील विभाजनासाठी जबाबदार धरण्याचा मार्ग मोकळा केला. शिकागोने १९८० मध्ये केंद्र सरकारशी तडजोडीचा करार केला. तो २००९ पर्यंत टिकला. मात्र तोवर गोरी कुटुंबे मोठ्या प्रमाणात उपनगरांत गेलेली असल्यामुळे त्या कराराचा भर हद्दी बदलण्यापेक्षा खास विषयांच्या, शहरभर खुल्या शाळांवर राहिला.

पुढे पारडे उलटे फिरले. सरकारी वसाहती पाडल्या गेल्या, कृष्णवर्णीय कुटुंबे शहर सोडू लागली आणि एकेकाळी वॅगनने वेढलेल्या वस्त्यांतील शाळा ओस पडल्या. मे २०१३ मध्ये मंडळाने मुले कमी असल्याच्या कारणावरून सुमारे ५० शाळा एकाच वेळी बंद केल्या. त्यांतील विद्यार्थी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते. त्याच काळात मध्य शहरातील श्रीमंत वस्त्यांच्या शाळांत मात्र नव्याने गर्दी झाली. साउथ लूप भागात मंडळाने नॅशनल टीचर्स ॲकॅडमी ही बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांची, चांगले निकाल देणारी प्राथमिक शाळा बंद करून तिची इमारत माध्यमिक शाळेला देण्याचे ठरवले. पालक न्यायालयात गेले, डिसेंबर २०१८ मध्ये न्यायाधीशांनी योजनेला स्थगिती दिली आणि मंडळाने ती सोडून दिली.

उत्तरेकडे याच्या उलट एक घडामोड झाली. गोल्ड कोस्ट या सधन भागातील ऑग्डेन शाळा भरून गेली होती आणि थोड्याच अंतरावर, पूर्वीच्या कॅब्रिनी-ग्रीन वसाहतीजवळची जेनर शाळा मुलांअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. दोन्ही शाळांच्या पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी एकत्रीकरणाचा प्रस्ताव मांडला, त्यावर वर्षानुवर्षे सभा घेतल्या, तीव्र विरोधही ऐकून घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये मंडळाने मान्यता दिली आणि त्या शरद ऋतूपासून दोन्ही हद्दींतील लहान वर्गांची मुले ऑग्डेनच्या इमारतीत आणि पाचवी ते आठवीची मुले जेनरच्या इमारतीत शिकू लागली. ही प्रिन्स्टनचीच पद्धत होती, आणि दोन्ही इमारती आधीपासून तेथेच उभ्या होत्या.